लंगड्या स्टुलावरचा फोटो

फोटो काढायचा म्हटलं की ताईला आधी शिंक यायची, मग ठसका लागायचा आणि शेवटी कुठलं तरी अगदी अडलेलं काम आठवायचं. भावाच्या लग्नातल्या मोठ्या फोटोत ती आहे, पण खांबाआडून फक्त कोपर आलंय. भाचीच्या वाढदिवसाच्या फोटोत तिची नुसती वेणी दिसते. एकाच फोटोत तिचा चेहरा सापडतो आणि त्यातही नाकाखाली मूठ आहे. तो फोटो पाहिल्यापासून भाऊ तिला 'मूठ' म्हणायला लागला, आणि ती रागवायची नाही, कारण रागवायचं तर तोंड उघडावं लागलं असतं.

कारण सगळ्यांना माहीत होतं. तिच्या पुढच्या दोन दातांमध्ये पेन्सिल आत जाईल एवढी फट होती आणि उजवीकडचा सुळा शेजारच्या दाताच्या डोक्यावर चढून बसला होता. लहानपणी ती खळखळून हसली की आई हळूच तिच्या कोपराला ढोसायची. "हात धर गं तोंडावर." आई काही दुष्ट नव्हती. पावसात निघालेल्या मुलीला छत्री घे म्हणावं, तशी ती हात धर म्हणायची. पुढे पुढे तिला म्हणावंही लागेना, हात आपोआप वर जाऊ लागला.

आता गंमत अशी, की ही बाई कामाला होती दातांच्या लॅबमध्ये. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचे ठसे पाठवायचे आणि त्यावरून ताई कवळ्या बनवायची. मेणात एकेक दात बसवायचा, साचा करायचा, घासायचं, चकाकी आणायची. कवळी टेबलावर ठेवून बोटाने दाबायची, आणि ती केसभर जरी डुगडुगली तरी ताईला चैन पडायचं नाही. अर्धं शहर तिच्या हातचं हसत होतं. मालकीणबाईंच्या तोंडातली वरची कवळीही तिचीच, आणि घरी आईच्या तोंडातली दोन्हीकडची. नवीन आलेलं माणूस आठवड्याभरात विचारायचंच, "ताई, तुम्ही तुमचे का नाही हो करून घेत?" ती म्हणायची, "वेळ मिळाला की." एकदा एका ओळखीच्या डॉक्टरांनी आग्रहाने खुर्चीत बसवलंही होतं. त्यांनी हातमोजे चढवले आणि ही उठून चालती झाली. का उठलो, ते तिचं तिलाही सांगता आलं नाही.

दात होते वडिलांचे. तीच फट, तोच चढेल सुळा. वडील हसले की शेजारी भिंतीवर थाप मारून विचारायचे, काय झालं म्हणून. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात त्यांचा एकच फोटो होता, कपाटाच्या वर लावलेला, मुद्दाम फोटोवाल्याकडे जाऊन काढलेला. त्यात इस्त्रीचा शर्ट घातलेला, ओठ गच्च मिटलेला एक गंभीर गृहस्थ समोर बघत होता. त्या गृहस्थाला ताई कधी भेटलेली नव्हती. आई फोटो पुसताना दर वेळी तेच म्हणायची, "फोटो चांगला आलाय. पण त्यांच्यासारखा नाही आला."

तर अशा बाईवर फोटो काढून घ्यायची पाळी आली. लॅब गल्लीतल्या वरच्या मजल्यावरून हमरस्त्यावर आली होती. नव्या जागेला समोर मोठी काच होती आणि मालकीणबाईंच्या जावयाच्या डोक्यात त्या काचेबद्दल कल्पना होत्या. सगळी लॅब त्यांना जावईबापू म्हणायची, आणि ते मान म्हणून म्हणतात की थट्टेने, हे जावईबापूंनी कधी विचारलं नाही. काचेत पुरुषभर उंचीचा एक चेहरा लावायचा असं ठरलं. हसरा. खाली लिहायचं, 'तुमचे दात इथे घडतात.' चेहरा कुणाचा, असं विचारल्यावर मालकीणबाई म्हणाल्या, "ताईचा. दुसरं कोण? लॅब म्हणजे तीच."

जावईबापू सासूबाईंना बाजूला घेऊन कुजबुजले. पण ज्याला कुजबुजायचंय त्याने घासायचं मशीन चालू असताना बोलू नये. तो ओरडूनच कुजबुजतो आणि मशीन नेमकं मध्येच थांबतं. "आई, दातांच्या दुकानावर हे दात? गिऱ्हाईक आत तरी येईल का?" मशीन थांबलेलंच होतं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मालकीणबाई गोऱ्यामोऱ्या झाल्या, मग म्हणाल्या, "तोंड मिटून काढू की. गोड दिसते ती मिटलेल्या तोंडाने."

कुणी वाईट बोललं नाही. सगळे अगदी समजूतदारपणे बोलले, आणि तेच ताईला झोंबलं. तिला लहानपणीचं ते कोपराला ढोसणं आठवलं. आता तर अख्खं दुकान तिला ढोसत होतं.

रागाच्या भरात माणूस हुशारी करतो आणि तीच त्याला नडते. ताईने जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवला, स्वतःच्या दातांचा ठसा घेतला आणि दोन-तीन सुट्ट्यांत आपल्यासाठी एक पातळ कवच बनवलं. दातांवरून चढवायचं, फट झाकणारं, सुळ्याला लपवणारं. हसरा चेहरा हवाय ना? देते म्हणावं. असे दात दाखवते, की जावईबापूंचे डोळे दिपतील! कवच इतकं चोख बसलं, की जीभही फसली.

शनिवारी सकाळी फोटोग्राफर आले. पिकलेल्या मिशांचे, स्थूल, गुडघ्यांवर हात ठेवून बसणारे आणि उठणारे. लोकांचे चेहरे टिपण्यातच त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी पुढच्या खोलीत करड्या रंगाचा पडदा टांगला, दिवे लावले आणि पडद्यासमोर स्वतःच्या गाडीतून आणलेलं लाकडी स्टूल ठेवलं. "बसा ताई. मी जरा दिवे बघतो."

ताई बसली आणि स्टूल डावीकडे कलंडलं. उजवीकडे सरकली, उजवीकडे कलंडलं. तिच्या तळहातांना घाम फुटला होता, कवचाखाली हिरड्या ठणकत होत्या. त्यात हे! भीती सहन झाली असती, पण डुगडुगणारी वस्तू? ती उठली, एप्रनच्या खिशातून मेणाचा तुकडा काढला, बोटांत मळून मऊ केला, स्टूल आडवं करून आखूड पायाला नीट थापला, सरळ करून बोटाने दाबून पाहिलं. पुन्हा थोडं खरवडलं. आता स्टूल दगडासारखं स्थिर झालं. ती समाधानाने बसली.

फोटोग्राफर वळले आणि त्यांनी कपाळाला हात लावला. "हे काय केलंत हो?"

"लंगडं होतं. नीट केलं."

"अहो, मुद्दाम लंगडं ठेवलंय मी ते! कानस घेऊन एक पाय घासलाय." ते बिचारे रडकुंडीला आले. "स्थिर स्टुलावर माणूस बसलं ना, की त्याला आपला चेहरा आठवतो. मग तो चेहऱ्याला सांभाळत बसतो. माझ्या स्टुलावर तोल सांभाळावा लागतो. दोन्ही हातांनी बैठक धरावी लागते, चेहऱ्याकडे बघायला सवड उरत नाही. मंत्री-संत्री सगळे बसलेत ह्यावर. कुणाला पत्ता नाही लागला, आणि तुम्ही मेण थापलंत!"

"काढू का परत?"

"राहू द्या आता. बसलाच आहात तर घेऊ एक."

त्यांनी फोटो घेतला. ताई हसली होती, कवचाने शिकवल्यासारखी. फोटोग्राफरनी कॅमेऱ्याच्या मागचा छोटा स्क्रीन तिच्याकडे फिरवला.

ताईने पाहिलं. दात सरळ होते, शुभ्र होते, निर्दोष होते. तिला ते चांगलेच ओळखीचे होते. तीच ठेवण, तीच रांग, त्याच टोकाची तीच गोलाई. तिच्या हाताला ह्या दातांचं वळण पडलं होतं आणि कुणाच्याही तोंडासाठी करायला घेतले तरी हेच व्हायचे. हे मालकीणबाईंचे होते. हेच मागच्या महिन्यात एका निवृत्त मास्तरांना गेले होते. आणि ह्या दातांच्या मागे कुणीतरी पाहुण्यासारखी बाई बसली होती. इस्त्रीच्या शर्टातल्या त्या गृहस्थाच्या शेजारी शोभली असती. उद्या आपल्यामागे हा फोटो भिंतीवर लागेल, भाची तो पुसेल आणि म्हणेल, चांगला आलाय, पण आत्यासारखा नाही आला. हे ताईच्या मनात आलं. डॉक्टरांच्या त्या खुर्चीतून आपण का उठलो होतो, हेही तिला त्याच क्षणी कळलं. ते दात काढले असते, तर वडिलांचं काही म्हणून जगात उरलं नसतं.

"पुसा तो," ती म्हणाली.

"चांगला आहे की."

"पुसा म्हणते ना!"

तिने तोंडात बोट घातलं, टचकन कवच काढलं आणि दिव्याशेजारच्या टेबलावर ठेवलं. ते तिथे एकटंच हसत राहिलं. आणि लगेच, कुणी न सांगता, तिचा हात वर आला. मूठ. इतक्या वर्षांची मूठ काही एका झटक्यात सुटत नसते. दारातून पळून जावंसं वाटत होतं. शिंकही आली, खोटं कशाला बोला. फोटोग्राफर थांबले. घाई करत नव्हते, धीर देत नव्हते, म्हणून बरं.

मग ताईने एक गोष्ट केली. ती खाली वाकली आणि स्टुलाच्या पायाचं मेण नखाने खरवडून काढलं. सगळं, अगदी शेवटच्या कणापर्यंत. आयुष्यात पहिल्यांदा तिने नीट बसलेली वस्तू जाणूनबुजून डुगडुगती केली. स्टूल जागेवर ठेवलं आणि बसली. ते कलंडलं तशी तिने दोन्ही हातांनी बैठक घट्ट धरली. आता तोंडावर धरायला तिच्याकडे हात नव्हता.

"काढा," ती म्हणाली. "आहेत तसे."

एवढ्यात जावईबापू डोकावले. टेबलावर कवच पाहिलं, ताईचं तोंड पाहिलं, आणि त्यांचं धाबं दणाणलं. ते पुढे आले, कवच दोन बोटांत उचललं, मग ओलं लागलं म्हणून तळहातावर घेतलं, आणि प्रसादासारखं ताईपुढे धरून म्हणाले, "ताई, अहो हे घाला ना! एवढे छान केलेत! निदान तोंड तरी मिटा! रस्त्यावरून चार माणसं जातात, ती काय म्हणतील?"

"म्हणतील, ही बाई आहे कोण."

"अहो पण दात..."

"माझे आहेत. उसने नाहीत आणले."

"ताई, मी तुमच्या भल्यासाठी सांगतोय," जावईबापू कळवळून म्हणाले, आणि त्यांचा हात इतका थरथरला, की तळहातावरचं कवच त्यांच्या अंगठीवर आपटून दात वाजल्यासारखं कडकड वाजायला लागलं. ते घाबरून त्याच्याकडे बघू लागले. जणू ते चावणार होतं. ताई बघत होती. आधी नाकातून हवा सुटली. मग स्टूल कलंडलं, तोल गेला, तिने बैठक धरली, आणि जे आलं ते आलंच. पोटातून, गडगडत, भिंतीपलीकडे ऐकू जाईल असं. आतल्या खोलीतलं मशीन बंद करून सगळे दाराशी धावत आले. हे हसू लॅबमध्ये कुणी कधी ऐकलेलं नव्हतं. ताईने मात्र ते ऐकलेलं होतं. ते तिच्या तोंडून निघत होतं, पण आवाज तिच्या ओळखीच्या दुसऱ्याच माणसाचा होता.

कॅमेऱ्याचा खटका वाजला.

फोटोग्राफरनी त्यांच्या लहानशा यंत्रावर तळहाताएवढा फोटो तिथेच छापून दिला. मालकीणबाईंनी तो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. जावईबापू म्हणाले, "काही हरकत नाही. कॉम्प्युटरवर पाच मिनिटांत दात सरळ करता येतात. हसू हेच ठेवू."

"दातांना हात लावायचा नाही," ताई म्हणाली. मालकीणबाईंसमोर ती आवाज चढवून कधी बोलली नव्हती. आता तो आपोआप चढला, आणि तोंडावर हातही नव्हता. "लावायचा तर हाच लावा. नाहीतर माझा कुठलाच नको. आजवर खांबाआड उभी राहिले तशी राहीन, पण दुसरीच बाई माझ्या नावाने काचेत बसवलेली मी चालवून घेणार नाही."

मालकीणबाई म्हणाल्या, "हात नाही लावणार." ताईचा जीव भांड्यात पडतोय न पडतोय तोच जावईबापूंनी तोडगा काढला. तोडगे काढण्यात त्यांचा हातखंडा होता. हा फोटो जरूर लावू, पण आत. छोट्या चौकटीत, पाण्याच्या यंत्राशेजारी, कामगारांच्या जागेत. काचेसाठी दुसऱ्या कुणाचं तरी बघू. मालकीणबाई जावयाकडे बघत म्हणाल्या, "तूर्त तसं करू. काय गं, चालेल ना?" ताईने त्यांच्या हातातून फोटो काढून घेतला. शनिवारी लॅबला जेवणाची सुट्टी दोन तासांची असायची. तिने एप्रन अंगावरच ठेवून फोटो खिशात टाकला आणि घर गाठलं.

आई जेवून खिडकीशी बसली होती. दुपारी हिरड्यांना आराम म्हणून ती कवळ्या काढून वाटीतल्या पाण्यात ठेवायची, त्यामुळे तिचं तोंड आत गेलेलं होतं आणि बोलणं थोडं फुसफुसत होतं. "आज लवकर?"

ताईने फोटो तिच्या हातात दिला आणि समोर उभी राहिली. तिला वाटलं, आता कोपराला ढोसणार. एवढी मोठी झाली तरी तिने कोपर अंगाशी ओढून घेतलं.

आईने चष्मा लावला. फोटो पाहिला. मग मान वर करून कपाटावरच्या फोटोकडे पाहिलं, आणि पुन्हा हातातल्या.

"तो फोटोवाला हसा म्हणाला होता त्यांना," आई म्हणाली. "मीच म्हटलं, नको, तोंड मिटा. चारचौघांना दाखवायचाय." तिने हातातल्या फोटोचा कोपरा पदराने पुसला. "मला वाटलं, घरात हसायला आहेतच की रोज. फोटोत कशाला."

ताई तिच्या पायाशी खाली बसली. आईने तिच्या केसांवरून हात फिरवला आणि लगेच नेहमीच्या स्वरात म्हणाली, "हा फोटो काही चांगला नाही आला. केस बघ कसे विस्कटलेत. एप्रनला डाग. आणि अशी काय बसलीस, पडायला झाल्यासारखी?"

"स्टूल लंगडं होतं."

"मग सुतार नव्हता का कुठे?" आईने फोटो पुन्हा डोळ्यांजवळ नेला. "पण तूच आहेस. आणि अगं, तेही आहेत की ह्यात. हे बघ, इथे." तिने फोटोतल्या फटीवर अंगठा हलकेच टेकवला. जी तिने कधी झाकायला सांगितली होती, नेमका त्याच फटीवर. "काचेत हा लागणार ना? रस्त्यावरून दिसेल असा?"

"नाही. आत लावतायत. छोटा. पाण्याच्या यंत्राशेजारी."

"का?"

"जावईबापू म्हणतात, लोक काय म्हणतील."

आईने चष्मा काढला. ही बाई जन्मभर लोक काय म्हणतील ह्या एकाच गोष्टीला भ्यायली होती, आणि तिने त्यापायी एका माणसाचं हसू कायमचं घालवलं होतं. ते तिला आता कळलं होतं, आणि तिला त्याचा मनापासून राग आला. ती खिडकीचा गज धरून उठली, चपला पायात सरकवल्या आणि फोटो साडीच्या पदरात नीट गुंडाळून घेतला.

"लॅब उघडी आहे ना अजून?"

"आहे. पण आई, तू कुठे निघालीस? उन्हात?"

"तुझ्या जावईबापूंना जरा दोन शब्द बोलून येते," आई म्हणाली. "ती वाटी आण. माझे दात दे इकडे."